दहा जणांची फायनल

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर पणजीची गाडी लागली होती आणि मला सोडायला अर्धी पेठ आली होती. हलगी होती, गुलाल होता. कंडक्टर वैतागून म्हणत होता, "पावणं, वरातीची गाडी न्हवं ही. शिटावर गुलाल सांडू नका." खिडकीखाली माझी आई उभी होती. आम्ही तिला अव्वा म्हणतो. तिचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं हसायचं मराठीत आणि रडायचं कन्नडमध्ये, असा तिचा हिशेब. भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं तिनं वर दिलं. तिच्या मागं आबा होते, आमच्या तालमीचे वस्ताद. कुस्त्या कमी झाल्यावरही तालमीची फुटबॉल टीम त्यांनीच जिवंत ठेवली. त्यांनी हात हलवला नाही, फक्त म्हणाले, "बसू, सीझन संपला की ये. शर्ट हितंच हाय."

गगनबावड्याला गाडी धुक्यात शिरली. घाट उतरायला लागल्यावर मी गाठोडं सोडलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. गाव सोडताना घास घशाखाली उतरला नाही, असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. राष्ट्रीय लीगमधल्या एका क्लबनं मला एका सीझनसाठी घेतलं होतं. आमच्या पेठेतनं एवढ्या वर त्याआधी कुणी गेलं नव्हतं. मला आनंद झाला होता. अपराधी वाटणं नंतर आलं, आणि ते अजून माझ्या खोलीत मुक्कामाला आहे. म्हणून हे लिहितोय. जे पेठेत राहिले त्यांना, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनाही.

मी मूळचा पत्रकं लिहिणारा माणूस. कॉलेजात असताना मैदानावर प्रदर्शनं भरवून खड्डे पाडणाऱ्यांविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो आणि चौकाचौकांत वाटायचो. एका पत्रकात मी ठळक अक्षरांत छापलं होतं: खेळाडू कुणाच्या मालकीचा नसतो. आबांनी ते चष्मा लावून वाचलं होतं आणि विचारलं होतं, "मग कुनाचा असतोय?" मी हसण्यावारी नेलं.

आमची शर्टाची पद्धत बाहेरच्यांना सांगायला हवी. तालमीत मारुतीच्या समोरच्या भिंतीला खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला एक शर्ट. शर्ट खेळाडूच्या घरी जात नाही. मॅचच्या दिवशी सगळे मारुतीच्या पाया पडतात आणि आबा एकेकाला त्याचा शर्ट स्वतःच्या हातानं देतात. मॅच संपली की शर्ट धुऊन परत खुंटीला. सात नंबर माझा. मी उजव्या बाजूनं खेळायचो.

आणि मुरगूडची गोष्टही सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथनंच सुरू होतो. माझ्या बहिणीचं लग्न मुरगूडला होतं आणि त्याच दिवशी कोल्हापुरात फायनल. मी आबांना सांगून टाकलं होतं, येणार नाही. पण अक्षता पडल्या आणि मला राहवेना. मामाची मोटरसायकल उचलली आणि कपाळावरच्या विभूतीसकट हाफटाइमला स्टेडियमच्या गेटातनं आत शिरलो. टीमच्या यादीत आबांनी माझं नाव घातलेलंच होतं. तोवर आपले दहाच जण खेळत होते. मी अकरावा उतरलो आणि गोल मारला. त्यानंतर कितीतरी दिवस दूधकट्ट्यावर, जिथं म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं तिथं, मला दूध पाजायला माणसं भांडायची.

गोव्यात मी नवी भाषा शिकलो. कॅम्प, बेंच, रिकव्हरी, अवे मॅच. मी लिंगायत घरातला, पहिले दिवस डाळ-भातावर काढले. आमचा स्वयंपाकी काळजीनं विचारायचा, "बाब, नुस्तें खायनासतना तूं धांवतलो कसो?" नुस्तें म्हणजे मासे. ते न खाता मी धावत होतोच, फक्त मॅचमध्ये धावायला मिळत नव्हतं. शर्ट लाँड्रीतनं इस्त्री होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत यायचा, पिशवी फोडायची, घालायचा, बाकावर बसायचं. एकदा आमची मॅच टीव्हीवर लागली. पेठेत चौकात टीव्ही मांडून लोक पूर्ण मॅच बघत बसले. कॅमेरा बाकावरनं एकदाच फिरला. अव्वा नंतर फोनवर म्हणाली, "बगितलं की तुला. पाणी पीत हुतास."

फायनलच्या आठवड्यात सुक्या आला. सुकुमार, आमचा कप्तान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करायचा. शिफ्टला दांडी मारून, तालमीतल्या दोघांना जीपमध्ये घालून तो सरळ आमच्या कॅम्पच्या दारात उतरला.

"काय पावणं, वळख हाय न्हवं? गोवा मानवलाय की. उन्हानं शेंगंगत सोललाय नुसता."

मी त्यांना चहा पाजला. चहा संपायच्या आत तो म्हणाला, "रविवारी फायनल हाय. पलीकडच्या पेठंबरोबर. बस जीपमध्ये."

"रविवारी इथं लीगची मॅच आहे."

"खेळवत्यात तुला?"

"बेंचवर असतो."

"मग बाकड्यावर बसायला तूच कशाला पायजेस? कोन बी बसंल की."

बाकीचे दोघं हसले. मी हसलो नाही. मी करार समजावून सांगितला. सीझन चालू असताना दुसऱ्या टीमकडनं खेळलो तर क्लब काढून टाकणार, आणि बरोबर आहे त्यांचं, मी सही केली आहे.

"दुसरी टीम?" सुक्या म्हणाला. "आम्ही दुसरी टीम व्हय रं?"

 तरीही मी नाही म्हणालो आणि स्पष्ट म्हणालो. येणार नाही, आबांना तसंच सांग, उजवीकडं कुणालाही घाला. सुक्यानं गाडीतनं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. "अव्वानं दिल्यात. खा. बाकड्यावर बसायला बी ताकद लागती."

रविवारी दुसऱ्या हाफमध्ये कोचनं मला वॉर्म-अपला पाठवलं. मी रेषेच्या कडेनं पळत राहिलो. पाय तापले, मग निवले. कुणी बोलावलं नाही. मॅच संपल्यावर मी मैदानासमोरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि तालमीसमोरच्या पानपट्टीवाल्याला फोन लावला.

"कोन, बसू व्हय? हरलो की रं. एकानं."

"उजवीकडं कुणाला घातलं होतं?"

"कुनालाच न्हाय."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. सुक्यानं माझा निरोप जसाच्या तसा दिला होता, एक शब्द इकडचा तिकडं न करता. आबा ऐकून म्हणाले, "मुरगूडच्या टायमाला बी असंच म्हणलाता." त्यांनी यादीत माझं नाव घातलं. सात नंबर कुणाच्या हातात दिला नाही, मारुतीपुढं ठेवला. दहा जण उतरले. हाफटाइमला अख्खी पेठ मैदानाकडं पाठ करून गेटाकडं बघत होती. दुसऱ्या हाफमध्ये दहा जणांचे पाय संपले. गोल उजव्या बाजूनंच झाला, जिथं कुणी नव्हतं तिथनं.

मी फोन ठेवला तेव्हा मला राग आला होता. दुःख नाही, राग. ही काय पद्धत आहे? माणूस नाही म्हणतो, तर त्याचं नाही ऐकायला शिका. बाकावर चार धडधाकट पोरं बसलेली असताना एका भिंतीवरच्या शर्टासाठी फायनल घालवता? त्या रागात मी मनातल्या मनात एक पूर्ण पत्रक लिहिलं, मथळ्यासकट. त्यातला प्रत्येक मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे.

सीझन संपल्यावर मी ते सगळे मुद्दे घेऊनच कोल्हापूरला उतरलो. चौकात पलीकडच्या पेठेनं लावलेला फलक अजून होता: अकरावा गोव्याला गेलाय. त्या फलकावरनं सुक्यानं मारामारी केली होती आणि त्याच्या भुवईवर टाके पडले होते. ते त्यानं मला सांगितलं नाही, टाके बघून मी पानपट्टीवाल्याला विचारलं. तालमीत मी भांडायच्या तयारीनं शिरलो. आबा पाट टाकून बसले होते.

"मैदान कसलं हाय रं तितलं?" ते म्हणाले. "गवताचं?"

"होय."

"पोटाला घालत्यात न्हवं?"

बस्स. त्यांनी एवढंच विचारलं. फायनलचं नाव काढलं नाही, त्यांनी नाही, सुक्यानं नाही, कुणीच नाही. माझे सगळे मुद्दे खिशात तसेच राहिले. घरी अव्वाला म्हटलं, कुणी मला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दिल्या असत्या तर बरं झालं असतं बग. तेवढ्यावर मिटलं असतं." माझा सात नंबर खुंटीला होता, धुतलेला, कुणी न घातलेला.

पुढच्या वर्षी माझा गुडघा गेला आणि क्लबनं मला एका फोनवर मोकळं केलं. माझ्या जागी कोण आलं ते मला पेपरात कळलं. मी परतलो नाही. परतायला तोंड नव्हतं, असं म्हणा. गोव्यातच, वेर्ण्याच्या एका कारखान्यात लागलो आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा पत्रकं लिहायला लागलो, जायबंदी खेळाडूंचा औषधपाण्याचा खर्च क्लबनं करावा म्हणून. आम्ही ती स्टेडियमच्या दारात वाटतो. एकात मी लिहिलं, माणूस म्हणजे बदलायचा सुटा भाग नव्हे. लिहून झालं आणि पेन खाली ठेवलं. ज्यांनी मला सुटा भाग मानलं नाही त्यांच्यावर मी किती चिडलो होतो, ते आठवलं.

वर्षं गेली. राष्ट्रीय लीगचं नाव बदललं, घाटातले रस्ते रुंद झाले, एसटीडी बूथचं झेरॉक्सचं दुकान झालं. सुक्या आता टीमचा कोच आहे. मागच्या सीझनला त्याचा मोबाइलवर फोन आला. उजवीकडं एक खेळाडू आलाय, म्हणाला, तुझ्यापेक्षा बी भारी. पण आबा त्याला सात नंबर देत नाहीत. तो सतरा घालून खेळतोय.

"हा त्याच्यावर अन्याय आहे," मी म्हटलं.

"मग तूच सांग की आबास्नी. आमचं कोन ऐकतंय."

मी आबांना फोन लावला. बरंच बोललो. खेळाडूचा हक्क, नव्यांना संधी, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "देतो की. कुनी अडवलंय? ये आन् तुज्या हातानं दे त्येला."

"शर्ट तर तुम्ही देता, आबा."

"ज्येचा त्येला देतो. ह्यो तुजा हाय. मी निस्ती राखण करतोय."

या वर्षीच्या फायनलला मी गेलो. त्याच घाटानं, उलट्या दिशेनं. गगनबावड्याला गाडी चहाला थांबली तेव्हा मी उतरलो नाही, उशीर होईल अशी भीती वाटत होती. हाफटाइमच्या कितीतरी आधी पोचणार होतो, तरीही.

तालमीत सगळे जमले होते. आबांनी दहा शर्ट वाटले आणि बाजूला सरकले. मी खुंटीवरनं सात नंबर काढला. इतकी वर्षं बाकीच्या शर्टांबरोबर धुतल्यानं त्याचा रंग गेला होता, कापड मऊ पडलं होतं. त्या खेळाडूच्या हातात दिला. तो वाकायला लागला, मी त्याचे खांदे धरले. त्याच्याशी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. मुद्दे मला नेहमी सुचतात, त्या वेळी एकही सुचला नाही. मी म्हटलं, "उजवी बाजू सोडू नको."

सुक्या मागनं म्हणाला, "सोडणाऱ्यानंच सांगितलं." सगळे हसले. त्या फायनलवरनं इतक्या वर्षांत मला मारलेला तो पहिला टोमणा. मला इतकं बरं वाटलं की लिहायला लाज वाटते.

अपराधीपण गेलं, असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. मी गेलो हे बरोबर होतं, आलो नाही हेही बरोबर होतं, आणि तरीही ते दहा जण माझ्या वाट्याचं धावले. दोन्ही खरं आहे. यातलं एक खोडायला मी पत्रकात शिकलो होतो, आता जमत नाही.

टीम बाहेर पडली, हलगी वाजायला लागली. मी मोकळ्या खुंटीकडं बघत होतो. आता या भिंतीवर माझं काही नाही, असा विचार आला. तेवढ्यात आबांनी माझ्या खांद्यावरची प्रवासाची पिशवी ओढून काढली आणि त्या खुंटीला अडकवली.

"चल," म्हणाले. "मॅच बगून आल्यावर घेशील."

घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी वेर्ण्याचा पत्ता सांगतो. पण माझी पिशवी कुठं अडकवायची हे ज्यांना न विचारता कळतं, ते लोक अजून त्याच पेठेत राहतात.