खांदेमळणी

एकाहत्तर साली वडिलांचा उजवा खांदा आखडला. सदरा घालायला आई लागायची, पाठ खाजवायलाही आईच. त्याचं त्यांना काही वाटत नसे. घोर लागला होता तो पोळ्याचा. थोरल्या खिलारी बैलाला बाशिंग बांधायचा मान त्यांचा, आणि हात छातीच्या वर जाईना. धाकटे काका "मी बांधीन की" म्हणाले, तर दोन दिवस त्यांच्याशी अबोला.

मी तेव्हा तिसगावच्या शाळेत शिकवायची, रविवारी घरी यायची. एकदा त्यांना एसटीने नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीला हात लावून बोटं हळूहळू वर चढवायला सांगितली. वडील मुकाट हो म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

महिन्याने पुन्हा गेलो. खांदा होता तिथंच. "करून दाखवा," बाई म्हणाल्या. वडिलांनी ऐटीत डावा हात भिंतीवर चढवला.

"अहो, दुखतोय उजवा!"

"व्हय. म्हनून तर त्याला इसावा दिलाय. लंगडत्या बैलाला कुनी जुपतं का?"

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "आणि बैल लई दिवस बसून असला, तर उठल्या उठल्या नांगराला धरता?"

"छ्या! आदी मोकळा फिरवायचा. न्हाईतर अंग धरतंय."

"तसंच हाताचं. फिरवा मोकळा."

हे पटलं. मग रोज सकाळी त्यांचं कण्हणं तीन घरं ऐकू लागली. हात चढेल तिथं आई भिंतीवर कोळशाने खूण करी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून उद्याचं आवतण दिलं. वाटीत उरलेलं लोणी आईने वडिलांच्या खांद्याला चोळलं. "आज आवतन घ्या, उंद्या जेवायला या."

आम्ही सगळे हसलो. वडील नाही हसले. भिंतीवरची शेवटची खूण बैलाच्या शिंगाहून वीतभर खालीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने बाशिंग धरलं. उजवा बैलाच्या मानेला लावला आणि भिंतीवर चढवायचे तसाच, बोटाबोटाने, वर नेला. ओठ दाबून धरले होते. बैल हलला नाही. गाठ बसली, पण बाशिंग तिरकं झालं.

काका सरळ करायला पुढे आले.

"ऱ्हाऊ द्या भावजी, तसंच," आई म्हणाली.

वेशीत सगळ्या बैलांत आमचंच बाशिंग तिरकं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.