नेहरू नगरातला समुद्र

आम्ही तिघं जमलो, चहा आला, की कोणीतरी म्हणतं, "ते आठवतं का?" आणि झालं! एका किश्शाच्या शेपटीला दुसरा लटकून येतो, चहा थंड होतो. घरच्यांना सगळे पाठ झालेत. त्यामुळे हल्ली नवा माणूस दिसला की आम्ही त्याला बसवूनच घेतो. आज तुम्ही सापडलात.

तिघं म्हणजे मी, भालेराव आणि सिद्दीकीसाहेब. मी भोपाळजवळ मंडीदीपच्या कारखान्यात इंजिनियर होतो, नागपूरचे भालेराव सरकारी खात्यात, आणि सिद्दीकीसाहेब कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. आता सगळेच रिटायर. पण त्या काळी आम्हाला एकच वेड होतं: समुद्रातले मासे पाळायचे! टाकी भालेरावांच्या नेहरू नगरच्या घरी, पुढच्या खोलीत. डोकं सिद्दीकीसाहेबांचं, हमाली माझी. भालेराववहिनींची बोलणी मात्र तिघांत सारखी वाटलेली. गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतं हो. पण भोपाळात खाऱ्या पाण्यातले? तेही गूगल नसताना!

*

सुरुवातीला पाणी मुंबईहून आणायचो. होडीने जरा आत जाऊन कॅन भरायचे आणि रेल्वेने भोपाळला. एकदा मी आणि भालेराव येत होतो, इटारसीच्या आधी टीसी आला. बर्थखाली कॅनची रांग बघून त्याचे डोळे बारीक झाले.

"इसमें क्या है?"

"पानी," भालेराव म्हणाले.

"कैसा पानी?"

"समंदर का."

टीसीने झाकण उघडून वास घेतला. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "भोपाल में इतना बड़ा तालाब पड़ा है, और आप लोग पानी बंबई से ढो रहे हो?"

उत्तर दिलं ते समोरच्या बर्थवरच्या आजींनी. त्यांनी तळव्यावर थोडं पाणी मागून घेतलं, डोळ्यांना लावलं आणि टीसीला दटावलं, "तीर्थ है बेटा, टोको मत!"

हां हां म्हणता अर्धा डबा हात पुढे करून उभा! भोपाळला उतरलो तेव्हा एक अख्खा कॅन लोकांच्या बाटल्यांत गेला होता. त्यातली एक बाटली टीसीची होती.

*

पुढे खास मिठाची पाकिटं मिळायला लागली. ते मीठ बादलीत कालवायचं, काचेच्या मापकाने खारटपणा मोजायचा आणि मगच पाणी टाकीत घालायचं. एके दिवशी ऐन वेळी भालेरावांच्या हातून मापक पडला आणि फुटला. सिद्दीकीसाहेब कॉलेजात. भालेरावांचा चेहरा पांढराफटक!

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. "मठ्ठ्याच्या वर गेलंय. लोणच्याला अजून कमी आहे."

भालेरावांनी कॉलेजात फोन लावून सिद्दीकीसाहेबांना वर्गातून बोलावून घेतलं.

"बोलिए, खारापन कितना है?"

"मठ्ठे के ऊपर, अचार के नीचे!"

पलीकडून केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांनी गंभीरपणे विचारलं, "अचार कौन सा? आम का, या नींबू का?"

*

उन्हाळ्यात वीज जायची. वीज गेली की हवेचा पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे मासे गुदमरणार. मी एक जुगाड केलं. भालेरावांच्या स्कूटरच्या स्टेपनीला बारीक नळी जोडली, तिला चिमटा लावला. हवा हळूहळू टाकीत बुडबुडत राहायची. फर्स्ट क्लास चालायचं!

एकदा सकाळीच वीज गेली ती येईचना. स्टेपनी संपली. भालेरावांनी पुढचं चाक आत आणलं. तेही संपलं. मग मागचं आणलं. मासे वाचले, पण ऑफिसला उशीर झाला. भालेरावांना खोटं बोलता येत नाही, ही त्यांची मोठी अडचण. साहेबांनी कारण विचारल्यावर सरळ म्हणाले, "सर, स्कूटर की हवा मछलियाँ पी गईं."

साहेबांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि घरी पाठवलं. मग वहिनींना फोन करून हळूच विचारलं, "घर में सब ठीक है ना?"

"मछलियाँ ठीक हैं," वहिनी म्हणाल्या. "बाकी मैं देख लूँगी."

*

टाकीत एक खेकडा होता, शंखात राहणारा. तो वाढला, शंख तोकडा पडायला लागला. मोठा शंख मिळाला नाही तर जगणार नाही, असं सिद्दीकीसाहेबांनी सांगितलं. भालेरावांनी न्यू मार्केट पालथं घातलं, काही मिळालं नाही.

एका सकाळी वहिनी देवघरातून ओरडल्या, "माझा शंख कुठाय?" माहेरून आणलेला, पूजेचा. मी आणि सिद्दीकीसाहेब तिथेच होतो, शोधायला लागलो. सगळ्यात जोरात भालेराव शोधत होते, अगदी फ्रिजखालीसुद्धा!

तेवढ्यात टाकीत, काचेला लागून, शंख सावकाश चालत गेला.

मग सिद्दीकीसाहेब घसा खाकरून म्हणाले, "भाभी, किरायेदार आ चुका है. अब ये मकान ख़ाली नहीं करेगा."

वहिनी कमरेवर हात ठेवून टाकीकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "त्याला राहू द्या. तुम्ही निघा!"

*

सिद्दीकीसाहेबांच्या अम्मी जुन्या भोपाळात राहायच्या. समुद्र बघायची त्यांची फार इच्छा. पण गुडघे कामातून गेलेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. सिद्दीकीसाहेबांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. एका दुपारी त्यांनी अम्मींना ऑटोत बसवून भालेरावांकडे आणलं.

वहिनींनी टाकीसमोर खुर्ची मांडली, पाठीला उशी दिली. अम्मींनी काचेवर तळवा टेकवला. खायला मिळेल म्हणून नारिंगी मासा धावत आला.

"सलाम करने आई है," अम्मी खूश! बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बेटा, इसमें लहर नहीं उठती?"

भालेराव टाकीत कोणाला बोट बुडवू द्यायचे नाहीत. हाताच्या साबणाने, तेलाने मासे मरतात म्हणून. ते उठले, नुसत्या पाण्याने हात चोळचोळून धुतले, बाही दंडापर्यंत वर केली आणि टाकीत हात घालून पाणी हिंदकळवायला लागले. पाणी काठावरून फरशीवर, फरशीवरून वहिनींच्या सतरंजीवर. वहिनींनी नुसती सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवली! अम्मी लहान मुलीसारख्या हसत होत्या, आणि सिद्दीकीसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

पुढे गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, अम्मी चालायला लागल्या. सिद्दीकीसाहेब त्यांना मुंबईला घेऊन गेले, हात धरून किनाऱ्यावर उभं केलं. समोर भरती. अम्मी बघत राहिल्या. शेवटी सिद्दीकीसाहेबांनीच विचारलं, "कैसा लगा, अम्मी?"

"अच्छा है," अम्मी म्हणाल्या. "मगर भालेराव साहब का ज़्यादा साफ़ रहता है."