बाभळीखाली कोण गेलं होतं

नानांचा पाय बाभळीने मोडला नाही, मी मोडला. एवढं एक वाक्य बोलायला मला सहा महिने लागले. जळगावच्या कार्यालयात मी दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधतो. या कामाचा मला चांगला सराव आहे, फक्त चूक दुसऱ्याची असावी लागते.

आमचं गाव शिंदखेड्याजवळ. शेताच्या बांधावरची एक वाळकी बाभूळ आदल्या पावसाळ्यातल्या वादळात कलली आणि शेजारच्या निंबाच्या बेचक्यात जाऊन अडकली. तेव्हापासून तशीच होती, ना उभी ना आडवी. तिचं लाकूड हवं होतं बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी. ज्वारीचा घाटा भल्या मोठ्या पातेल्यात शिजवायचा तर गॅस पुरत नाही, चूलच लागते. आणि आमच्या गल्लीत बिबड्या कुणी एकटीने करत नाही. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या, सगळ्या जणी मिळून. आमची पाळी परवावर आली होती. ती चुकली तर थेट आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आणि आखाजीला निम्म्या जणी माहेरी.

म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकली आणि फैजपूरच्या मेहुण्याकडून लाकूड कापायचं मशीन आणलं. मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले. तिसरा अर्धाच, कारण तोवर मला सगळं कळलं होतं.

तरी सोबतीला नानांना बोलावलं. नाना साठी ओलांडलेले. झाडं पाडणं हेच त्यांचं काम. आसपासच्या गावांत कुणाचं झाड घरावर नाहीतर विहिरीवर कललं की त्यांनाच बोलावणं जायचं. त्यांची पद्धत बघणाऱ्याचा अंत पाहणारी. आधी बिडी. मग लांबूनच झाडाभोवती दोन फेऱ्या. मग कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने खोडावर ठोकून कान देणं. आणि मग कापायचं सोडून मागचे दगड, काटेकुटे बाजूला करणं, म्हणजे पळायची वाट मोकळी. झाड पाडणाराच आधी पळायची तयारी करतो, याचं मला भारी हसू आलं.

“भाऊ, आज ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले. “हाई अटकेल शे. बठ्ठं वजन त्या बेचकामा शे. बैल वखरले जायेल शेतस, सकायले येतीन. बुडले दोर बांधू, दूरथीन मांगे वढू. शेंडा सरकीसन खाले येई.”

“उद्यापर्यंत कोण थांबणार, नाना? आता मशीन आहे. खालून एकेक तुकडा कापला की झाड आपोआप खाली बसतं.”

“कोन सांगस?”

“मोबाईलवर दाखवतात.”

“मंग तो मोबाईलवाला अठे झाडखाले हुभा ऱ्हाई का?” त्यांनी बिडी विझवली. “मशीनले कापता येस, भाऊ. तुले पयता येस का?”

मी मशीन सुरू केलं. त्या आवाजाचा एक मोठा फायदा असतो, जाणत्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. नाना हातवारे करत होते, एवढं दिसलं.

पातं कमरेच्या उंचीवर निम्मं आत गेलं आणि खोडाने ते घट्ट धरून ठेवलं. वर निंबात काहीतरी करकरलं. अशा वेळी सगळं टाकून पळायचं असतं. पण मशीन मेहुण्याचं होतं, आणि मेहुण्याची वस्तू मोडली तर काय होतं, ते लग्न झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी दोन्ही हातांनी ते ओढत राहिलो. तेवढ्यात कुणीतरी कॉलर धरून मला मागे फेकलं. मी मोकळ्या केलेल्या वाटेवर उताणा पडलो. खोड बुंध्यावरून सुटून बाजूला उडालं. मी उभा होतो त्या जागी आता नाना होते, आणि ते खोड त्यांच्या डाव्या नडगीवर आदळलं.

ते ओरडले नाहीत. “मशीन बंद कर पयले,” एवढंच म्हणाले.

त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचवून मी संध्याकाळी गावात परतलो. चहाच्या टपरीवर मंडळी वाटच बघत होती. “काय व्हयनं रे भाऊ?” मी म्हणालो, “नाना झाडाखाली गेले.” मला बाहेर काढायला गेले, हे सांगायचं राहिलं. “मी नको नको म्हणत होतो,” हे मात्र न राहता सांगितलं.

कुणालाच शंका आली नाही. शिकलेला माणूस, सरकारी नोकरी; तो कशाला खोटं बोलेल?

बाभळीचा शेंडा निंबात अजून अडकलेलाच होता. दुसऱ्या दिवशी बैल आले. दोघा जणांनी बुडाला दोर बांधला, लांबून मागे ओढलं, आणि बाभूळ गुमान जमिनीवर आली. बिबड्या ठरल्या पाळीला झाल्या. बायकांनी जाळाचं फार कौतुक केलं.

नानांचा पाय पावसाळ्यात सांधला. बोलावणी मात्र सांधली नाहीत. शाळेच्या भिंतीवर कडुलिंब कलला तेव्हा बाहेरगावचे मशीनवाले आणले. मी टपरीवरच होतो. “नानाले कसाले बलावतस? तो झाडखालेच जास,” एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. नाना घराच्या ओट्यावर बसून असायचे. त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, “व्हयनं ते व्हयनं.” माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर मला निदान त्यांचा राग तरी करता आला असता.

दिवाळीच्या सुट्टीत मी केळी घेऊन त्यांच्याकडे गेलो. येताना बसमध्ये वाक्यं तयार केली होती. “झालेल्या प्रकाराबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे,” मी म्हणालो. आमच्या कार्यालयात हे वाक्य फार चालतं. त्यात कुणीच काही केलेलं नसतं.

नानांनी एक केळं सोलून माझ्याच हातात दिलं. “माले काय सांगस, भाऊ? माले तं ठाऊकच शे. ज्यास्ले सांगेल शे, त्यास्ले जाईसन सांग.”

आणि काठी घेऊन तेच उठले.

टपरीवर तीच मंडळी होती. नाना बाकाच्या टोकाला बसले. मी चहा घेतला, मग आणखी एक घेतला. “साहेब, आज नुस्ता चहाच?” कुणीतरी म्हणालं. मी उभा राहिलो. बसमधलं एकही वाक्य आठवेना. जे बाहेर पडलं ते असं:

“नाना झाडखाले जायेल नव्हतात, मी जायेल व्हतू. त्यास्नी नको सांगं, मी आयकं नई. त्यास्नी माले वढीसन काढं, आनि पाय त्यास्ना मोडना. तुम्हले मी खोटं सांगं. नाना, माले माफ करा.”