पांढऱ्या अस्वलाच्या पायांवर पाणी

लढाईच्या दिवसांत मी रहिमतपूर सोडलं, तेव्हा आई स्टेशनवर आली होती. गाडी हलली तशी एवढंच म्हणाली, "पेरणीला ये रं बाबा." मी मान डोलावली. पेरण्या आल्या नि गेल्या, मी काही गेलो नाही.

गावाकडच्यांनो, मुंबईत मी काय करत होतो म्हणता? प्राण्यांच्या बागेत पांढऱ्या अस्वलाची चाकरी! सिमेंटचा डोंगर बांधून त्याला चुना फासला होता, तोच त्याचा बर्फाचा मुलूख. सकाळी हौदात बर्फाच्या लाद्या सोडायच्या, बादलीभर मासळी द्यायची. रविवारी माणसं पोराबाळांना घेऊन येत, हत्तीवर बसत, शेंगा खात आणि अस्वलाला हसत. दुपारपर्यंत लाद्या विरघळत. मग ते कोपऱ्यात तोंड घालून उभं राही.

वडील गेले. त्यांचे दिवस उरकून मी मुंबईला परतलो, तर महिन्याभरात आई मला न्यायलाच आली. रान पडून, बैलं दावणीला, आणि मी एकुलता एक. नाही म्हणायची छाती नव्हती. पण बागेत जीव गुंतला होता, हेही खरं.

तिला बाग दाखवली. अस्वलाच्या गजांपाशी ती खिळून राहिली.

"ह्याला आनलं तवा पायावर पानी घातलं हुतं का रं कुनी?"

आमच्याकडं नवं जनावर दारात आलं की पायांवर पाणी घालतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मगच दावणीला बांधतात. इथं कोण घालणार?

"न्हाई," मी म्हणालो.

"मग त्यानं रमावं कसं?"

फडक्यातल्या भाकरीचा तुकडा तिनं ओवाळून टाकला आणि माझ्या बादलीतलं पाणी गजांतून आत ओतलं. ओघळ पंज्यांपर्यंत गेला. अस्वलानं मानही वळवली नाही. लोक हसले.

संध्याकाळी मी माझ्या भाड्याच्या खोलीत पाऊल टाकणार, तोच आधी आत गेलेली आई म्हणाली, "थांब. भाईरच ऱ्हा हुबा." आतून तांब्या आणला, माझ्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला.

"जा आता आत. रान मी वाट्यानं दुसऱ्याला लावते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. गाडी हलली, तरी पेरणीचं नाव तिनं काढलं नाही.

माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर कुठलं विचारलं की मी आजही रहिमतपूरच सांगतो. पण गाव खरं सुटलं ते त्या उंबऱ्यावर, आईच्याच हातानं.