चौदा नंबरमधला दुसरा पलंग

ते हॉटेल आता पुन्हा हॉटेल झालं आहे. तरी बस तिथून गेली की माझी मान आपोआप वळते आणि चौदा नंबरची खोली आठवते.

तेव्हा मी नॉटिंगहॅमला पोलीस सेवेत होतो. आश्रय मागायला आलेल्या लोकांना सरकारने त्या हॉटेलात तात्पुरतं ठेवलं होतं. भाडं दर पलंगामागे, रोजचं. म्हणून प्रत्येकाने सकाळी रिसेप्शनवरच्या वहीत सही करायची. आठवडाभर सही नाही, तर नाव रद्द.

खबर दिली रिसेप्शनवरच्या नागपूरच्या मुलीने. "सर, फोर्टीनमधल्या एकाची साइन रोज होतेय, पण थ्री वीक्स मी त्याला पाहिलंच नाही. उद्या ब्लेम माझ्यावर आला तर माझ्या व्हिसाचं काय?"

माझा संशय सरळ मालकावर. पण कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं आणि मी तोंडघशी पडलो. नाश्त्याच्या गर्दीत दोन्ही सह्या करत होता खोलीतलाच सोबती, पन्नाशीचा एक सुदानी शिंपी. ट्रेही तो दोन न्यायचा आणि एक तसाच झाकलेला परत आणायचा. लबाड माणूस ट्रे परत आणत नाही.

ठाण्यात जबाब घेतला, दुभाषी फोनवर. शिंप्याचा स्वतःचा आश्रयाचा अर्ज निकालाला आला होता. फसवणुकीचा गुन्हा लागला असता तर सगळं संपलं असतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"रिकाम्या पलंगाचे पैसे सरकार भरतंय, कळतं का तुम्हाला?" मी दरडावलं.

"तो भावाला शोधायला गेलाय. नाव कापलं तर परत येऊन झोपेल कुठे?" मग खाली बघत म्हणाला, "आमच्या गावची बोली बोलणारा इथे तो एकटाच होता."

फायदा त्याने काहीच घेतला नव्हता. गुन्हा दाखल करण्यासारखं काही नाही, असा शेरा मी मारला. शिंप्याचा अर्ज बचावला. गेलेल्या सोबत्याचं नाव मात्र माझ्याच अहवालावरून कापलं गेलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या पलंगावरची चादर काढलेली होती आणि शिंपी तिकडे पाठ करून बसला होता. मी नियमाने वागलो होतो, तरी मला स्वतःची लाज वाटली.

त्या प्रकरणाने काय शिकवलं, ते निवृत्तीनंतर कळलं. इथे घरात एकट्याने राहणाऱ्याला कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरपट्टीत, सूट मिळते. पत्नी जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, तुम्ही तो फॉर्म भरून टाका ना. व्हाय पे फुल?" मी बरं म्हणतो. फॉर्म भरून टेबलावर ठेवला आहे. घरात मी एकटाच राहतो, या ओळीखाली फक्त सही करायची आहे. ती अजून होत नाही.