दादाचे चाकू आणि मुक्ताचा पहिला चाकू

फोन मुक्तानं केला. पहाट नुकतीच सरत होती. मी चहाचं आधण ठेवलं होतं. "आत्या, बाबा गेले. झोपेतच गेले. तू घाई करू नकोस, सावकाश ये. रिक्षा बघून ये." एवढंच म्हणाली. मी खाली बसले. थोरला भाऊ गेल्याचं कळल्यावर माणसाला आधी काय वाटतं? रडू येतं. मलाही आलं, पण ते नंतर. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. कारण मुक्ताचा आवाज भरून आलेला असला तरी कापत नव्हता. मला धीर देण्याइतकं बळ त्यात होतं... हे असं का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. त्याआधी एक सांगते. हे सगळं लिहू का, असं मी मुक्ताला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही ना. ताप आला होता, उतरला, असं आपण सांगतोच की."

आमचं गाव गंगापूरकडचं. शेती होती, पण दादाचं मन शेतापेक्षा फिरण्यात रमायचं, म्हणून त्यानं बियाण्यांच्या कंपनीत नोकरी धरली आणि शहरात बिऱ्हाड केलं. कन्नड, सिल्लोड, सोयगाव, जिथं एसटी जाईल तिथं हा जायचा. शेतकऱ्यांशी बोलताना कणीस सोलायचं, कपाशीचं बोंड उघडून दाखवायचं, म्हणून खिशात घडीचा चाकू असायचा. त्याचाच पुढं नाद झाला. आठवडी बाजारात लोक भाजी घेत, हा चाकू बघत उभा. शिंगाच्या मुठीचा, पितळी मुठीचा, कलमं करायचा वाकड्या पात्याचा, बोटाएवढा पेन्सिलीचा. खटका दाबला की फटकन उघडतो तसला मात्र त्यानं कधी घेतला नाही. म्हणायचा, "त्यो भांडणाचा चाकू. आपला फळाचा." आमच्या वहिनी, शांत बाई, त्यांना हे वेड कधी कळलं नाही. पण पाहुण्यांपुढं फळं आली की दादाचा हात खिशात जाणार आणि सीताफळ सोडून बाकी सगळं तोच चिरून देणार, हे त्यांनीही धरूनच ठेवलं होतं.

मुक्ता त्याची एकुलती एक. शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि एक दिवस बॅग घेऊन परत आली ती खोलीतच राहिली. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. नातेवाईक कारण विचारायचे. प्रेमभंग झाला का, नोकरीत काही झालं का. डॉक्टरांनी दादाला समजावून सांगितलं, की आजार आहे, त्याला दर वेळी कारण लागतंच असं नाही. औषध लागतं, वेळ लागतो आणि घरच्यांचं लक्ष लागतं. त्याच आठवड्यात दादा भर दुपारी मुकुंदवाडीला माझ्याकडं आला. हातात फराळाचा मोठा स्टीलचा डबा. मला वाटलं, वहिनींनी काही पाठवलंय. उचलायला गेले तर जड. आत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले सगळे चाकू.

"सुमे, हे तुह्याकडं राहू दे."

"किती दिवस?"

"ते नको इचारू." आणि मग भिंतीकडं बघत म्हणाला, "घरात नको वाटतंय मला."

मी समजले. डबा कपाटात वर ठेवला, कुलूप लावलं. त्याच्यापुढं पेरूची बशी ठेवली. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला, तिथंच थांबला आणि परत मांडीवर आला. पेरू त्यानं तसाच दातानं खाल्ला. माझ्या भावाला मी इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं.

पुढची वर्षं कशी गेली हे दादा आणि वहिनीच जाणोत. दादानं फिरतीची नोकरी सोडली. मुक्ताला दवाखान्यात नेणं, गोळ्या देणं, ती उठली नाही तर दाराबाहेर खुर्ची टाकून बसणं, हेच त्याचं काम झालं. तो तिला उपदेश करायचा नाही. बाहेरूनच काहीबाही सांगत राहायचा, सोयगावच्या बाजारात बैल कसा सुटला, एसटी कुठं बंद पडली... आतून कधी उत्तर आलं नाही तरी सांगायचा. मग कधीतरी आतून "मग काय झालं?" असं आलं. त्या दिवशी मला फोन करून तेवढंच म्हणाला, "सुमे, पोरीनं इचारलं, मग काय झालं." आणि फोन ठेवून दिला. तिथून मात्र हळूहळू उजाडत गेलं. मधे पुन्हा मागं गेली, पुन्हा सावरली. आता ती इथंच शहरात शिकवण्या घेते. गोळी अजून एक आहे. ती विसरत नाही.

एका दुपारी मुक्ता एकटीच माझ्या दारात उभी. "आत्या, बाबांचा डबा तुझ्याकडं आहे ना?"

मी दारातच आडवी उभी राहिले. तिनं ते ओळखलं आणि हसली. "अगं, त्यांनाच घेऊन आलेय. खाली उभे आहेत फाटकापाशी. वर यायची हिंमत होत नाही म्हणतात. डॉक्टरांनाही विचारलंय मी. तू खाली बघ आणि मग दे."

मी गॅलरीतून पाहिलं. दादा वर बघत होता. त्यानं नुसती मान हलवली.

त्याला वर बोलावून डबा उघडला तेव्हा पोलादी पात्यांवर गंज चढला होता. मुक्ता एकेक हातात घेऊन बघत राहिली. "माझ्यामुळं झालं हे," म्हणाली. दादा म्हणाला, "तुह्यामुळं नाय. तेल न लावता ठिवले म्या. घाईत होतो." मग ती म्हणाली, मला शिकवा, मलाही जमवायचेत. मला वाटलं, आता हा सगळा डबाच तिच्या ओटीत घालेल. पण दादा म्हणाला, "ह्यातला एक बी देणार नाय. दुसऱ्याचं जपायचं म्हंजी वझं. तुहा तू निवड."

म्हणून आम्ही तिघं शहागंजच्या बाजारात गेलो. कात्र्या, अडकित्ते, चाकू मांडलेलं दुकान, दुकानदार दादाच्या ओळखीचा. "इत्ते दिन किधर थे भाई?" त्यानं विचारलं. "घर में थोडा काम था," दादा म्हणाला. मुक्तानं सगळ्यात झगमगीत चाकू उचलला, दहा अवजारं असलेला. दादानं तो खाली ठेवायला लावला. "लई कामाचा दिसतो त्यो एका बी कामाचा नसतो. आधी एकच पातं घे. उघड. पातं मधोमध बसतंय का बघ. अंगठ्यानं हलव, डुगडुगलं तर नको. आता मीट, आवाज ऐक. आन् मूठ हातात धरून डोळे मीट... हात काय म्हणतोय?" भर बाजारात माझी भाची डोळे मिटून उभी, आणि तिच्या हातात चाकू. दादा तिच्याकडं बघत होता. मी दादाकडं. त्याच्या चेहऱ्यावर भीती शोधली मी, खरंच शोधली. नव्हती.

तिनं लाकडी मुठीचा, साध्या पोलादी पात्याचा घेतला. दुकानदार म्हणाला, हा गंजतो, बिनगंजाचा घ्या. दादा म्हणाला, "गंजणाराच पाहिजे. सारखं बघावं लागतं त्याच्याकडं, मग सवय लागते." मुक्तानं दादाला न जुमानता आणखी एक घेतला, माशाच्या आकाराचा, किल्ल्यांना अडकवायचा. "ह्यानं लोणी बी चिरायचं नाय," दादा म्हणाला. "पण मला आवडला." "आवडला? मग घे. ते बी कारणच हाय."

दादाचं हृदय थकत आलं होतं. शेवटच्या भेटीत आम्ही दोघंच होतो. मुक्ता शिकवणीला गेलेली. म्हणाला, "सुमे, पोरगी घरी नसली की पहिलं जीव टांगणीला लागायचा. आता ती भायेर गेली की मला झोप लागती." अशाच एका झोपेत तो गेला.

तेराव्यापर्यंत सगळ्यांचं लक्ष मुक्ताकडंच होतं. ती रडली, भरपूर रडली, मग जेवली. आईला जेवायला लावलं. गोळी घेतली. मी माहेरी राहिले होते, तिच्या बाजूला अंथरूण टाकून. तिचा श्वास सारखा चालताना ऐकला आणि मग मी दादासाठी मोकळी रडले.

आता रविवारी त्यांच्याकडं जाते. दादा रविवारी सकाळी चाकूंना धार लावायचा आणि धार आली का ते वर्तमानपत्रावर बघायचा. त्यासाठी त्याला नेमकी पुरवणीच सापडायची. त्या घरात कुणाला आख्खी पुरवणी वाचायला मिळालेली नाही. लेखाला कडा नसायच्या, कधी कवितेची शेवटची ओळच गायब. परवा गेले तर टेबलावर तशीच पुरवणी, कडेच्या पट्ट्या लोंबत असलेली. मुक्ता धार लावायचा दगड पुसत बसली होती. आतून वहिनी ओरडल्या, "आधी वाचू तर द्या!" आणि लगेच दारात येऊन उभ्या राहिल्या. दादाला म्हणायच्या तसं "द्या" तोंडातून गेलं होतं. मुक्तानं माझ्याकडं पाहिलं. मग वहिनीच हसल्या पहिल्यांदा.

हा लेखही पुरवणीतच येईल. मी मुक्ताला बजावून ठेवलंय, आधी वाच, मग काप.

"बघू," म्हणाली.