बोटावर तोललेली रॅकेट

लातूरच्या आमच्या टेनिस कोर्टावर अप्पा रोज सकाळी भेटतात. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत आहे. दुसऱ्याची रॅकेट दिसली की न विचारता उचलणार, एका बोटावर आडवी तोलणार आणि डोळे बारीक करून निकाल देणार.

"सर, तुमचा बॅकहँड दोन हातांचा. रॅकेट हलकी, डोक्याकडं जड असली तरी चालंल. दुसरा हात हाय की ढकलायला. एका हातानं मारायचं तर वजनदार पायजे, अन् भार मुठीकडं."

त्यांची जुनी रॅकेट तशीच होती. तो एकहाती फटका बघायला मी माझा खेळ थांबवायचो.

मध्यंतरी खांदा धरला म्हणून ते बरेच दिवस आले नाहीत. परवा आले ते नवी, हलकी रॅकेट घेऊन. बॅकहँडला डावा हातही मुठीवर गेला आणि चेंडू जाळीत अडकला. खेळ संपल्यावर बाकावर त्यांनी रॅकेट माझ्याकडं सरकवली.

"बघा बरं तोलून."

मी बोटावर ठेवली. ती डोक्याकडं झुकली.

"चालंल, अप्पा," मी म्हणालो. "दुसरा हात हाय की."

ते हसले. पण त्या सकाळी त्यांनी कुणाचीच रॅकेट उचलली नाही.